शनवार तेली आणि विसाव्याचा धर्म

समाजातील एखाद्या वर्गाची ओळख त्याच्या कामावरून व्हावी, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. सुतार, लोहार, कुंभार, तांबट, कासार ही सारी नावे हातांच्या उद्योगावरून पडलेली आहेत. परंतु पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एक लहानसा समाज असा होता की, ज्याची ओळख शेजाऱ्यांनी त्याच्या कामावरून जितकी ठरविली तितकीच त्याच्या काम न करण्यावरूनही ठरविली. हे लोक घाण्यावर तेल गाळीत, म्हणून ते तेली. आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून ते शनवार तेली. ते स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. इतर तेल्यांपैकी काही जण महादेवाचा वार म्हणून सोमवारी बैलास जुंपीत नसत. त्यांस सोमवार तेली म्हणत. तेव्हा कोंकणातल्या गावकऱ्यांच्या दृष्टीने ह्या दोहोंत फरक होता तो एवढाच की, एकाचा बैल सोमवारी मोकळा असे आणि दुसऱ्याचा शनिवारी. ह्या क्षुल्लक भासणाऱ्या फरकाच्या मागे जगातील एका अतिप्राचीन धर्माची शिकवण उभी होती, हे त्या काळी शेजाऱ्यांस ठाऊक नव्हते. आणि विशेष नवलाची गोष्ट ही की, खुद्द त्या तेल्यांसही ते पुरतेपणी ठाऊक नव्हते.

बेने इस्राएल लोक कोंकणात कधी व कसे आले, ह्याविषयी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी : चौलच्या बंदराकडे येणारे एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढ्याच जगल्या, बुडालेल्यांची प्रेते नवगावास पुरली, आणि वाचलेल्यांचा वंश पुढे गावोगाव पसरला. ह्या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर (१८३०–१९०८) यांनी आपला ग्रंथ १८९७ साली पूर्ण केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. केहीमकरांच्या मते हे पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, सीरियाचा राजा अँटायोकस याच्या छळाच्या काळात, देश सोडून निघाले असावेत. त्याच्या पुष्ट्यर्थ एक गोष्ट पुढे केली जाते ती ही की, त्या छळानंतर सुरू झालेला हनुक्का हा सण बेने इस्राएलांस पूर्वी माहीत नव्हता. परंतु हा पुरावा दुबळा आहे. जो समाज आपले ग्रंथ व भाषा गमावून बसला, त्यास एखादा सण ठाऊक नव्हता एवढ्यावरून त्याच्या निर्गमनाचे वर्ष ठरविता येत नाही; एखादा सण मुळातच नव्हता किंवा पुढे विसरला गेला, हे दोन्ही संभव सारखेच राहतात. शिवाय समुद्रातून वर आलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते. एकाच किनाऱ्यावर एकाच आकड्याच्या दोन कथा सापडाव्या, ह्यावरून कथांनीही शेजारधर्म पाळला असावा असे वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात ह्या समाजाच्या रक्तात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला. तेव्हा परदेशातून आल्याची आठवण खरी, येथील मातीशी झालेला संबंधही खरा. वर्ष मात्र अनिश्चित, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

कालाचा निर्णय लागत नसला तरी स्थितीचा निर्णय लागतो. हिब्रू भाषा गेली होती, तोरा नव्हता, धर्मगुरू नव्हते, सभास्थाने नव्हती. मुलांची नावे कोंकणी वळणाची झाली होती, आणि आडनावे केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, झिराडकर, राजपूरकर, नवगावकर अशी गावांवरून पडली होती. भाषा मराठी, वेष मराठी, जेवण भाताचे व नारळाचे. एवढे सर्व गेल्यावर उरले काय? आठव्या दिवशी मुलाची सुंता, पंख व खवले असलेलीच मासळी खाण्याचा नियम, ‘शेमा’ ह्या ईश्वराच्या एकत्वाचा उच्चार करणाऱ्या छोट्याशा घोषणेचे शब्द, काही उपवास व सण, आणि शनिवारचा विसावा. शेमाचे शब्द जन्माच्या, लग्नाच्या व मृत्यूच्या प्रत्येक प्रसंगी म्हटले जात. त्यांचा अर्थ कोणास सांगता येत नसे, पण ते चुकत मात्र नसत.

ह्या स्थितीचे साक्षी दूरदूरच्या देशांत सापडतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये राहणारा यहुद्यांचा महापंडित मैमोनिदीज याने फ्रान्समधील ल्यूनेल गावच्या विद्वानांस लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख आहे. त्याच्या सांगण्याचा आशय असा की, त्यांस शास्त्र माहीत नाही; फक्त शब्बाथचा विसावा आणि सुंता एवढे त्यांच्यापाशी आहे. हे लोक म्हणजे बेने इस्राएलच, असे निश्चयाने म्हणता येत नाही. पण वर्णन तंतोतंत जुळते. त्यानंतर १७६८ साली कोचीनचे मोठे व्यापारी एझकील रहाबी यांनी परदेशातील एका यहुदी गृहस्थास पाठविलेल्या पत्रात मराठी मुलखातील ह्या लोकांविषयी जवळजवळ तीच गोष्ट सांगितली : ते तेलाचे घाणे चालवितात, काही शिपाईगिरी करितात, धर्मशास्त्र जाणत नाहीत, शेमा म्हणतात आणि शब्बाथ पाळतात. सुमारे साडेपाचशे वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन पत्रांत शब्बाथ मात्र जागच्या जागी आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यहुद्यांनी शब्बाथ राखला की शब्बाथने यहुद्यांना राखले, असा प्रश्न त्यांच्या विचारवंतांनी केला आहे. कोंकणात तरी त्याचे उत्तर दुसऱ्या पक्षाच्या बाजूने पडते.

आता हा शब्बाथ म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसू लागेपर्यंतचा काळ म्हणजे शब्बाथ. मोशेच्या दहा आज्ञांपैकी ही एक. परंतु बायबलात ह्या आज्ञेची दोन स्थळे आहेत आणि दोन्ही ठिकाणी दिलेली कारणे निरनिराळी आहेत. निर्गम ह्या पुस्तकात म्हटले आहे की, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून मनुष्यानेही घ्यावा. अनुवाद ह्या पुस्तकात कारण वेगळे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ह्याची आठवण ठेवा. पहिले कारण विश्वाविषयीचे आहे, दुसरे समाजाविषयीचे. आणि दोन्ही स्थळी विसाव्याचे अधिकारी मोजताना केवळ घरधन्याचे नाव घेऊन भागविलेले नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दाराशी राहणारा परका, इतक्या सर्वांची गणना केली आहे. ज्या जगात गुलामास वेळ नावाची वस्तूच नसे, त्या जगात सातांतला एक दिवस त्याचा आहे व तो धन्याच्या कृपेने नव्हे तर ईश्वराच्या आज्ञेने आहे, असे सांगणे ही केवढी धाडसाची गोष्ट होती, हे आज आपल्या सहजी लक्षात येत नाही. कोंकणातला शनवार तेली घाण्याचा बैल सोडी तेव्हा तो ह्याच आज्ञेचे अक्षरशः पालन करीत असे. आपल्याकडे देशावर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवून त्याची पूजा करितात, ती वर्षातून एकदा. ह्या तेल्याचा पोळा दर आठवड्यास येई. त्यात पूजा नव्हती, पण विसावा होता.

पुढे पंडितांनी ह्या आज्ञेचा मोठा विस्तार केला. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या ग्रंथात शब्बाथला वर्ज्य अशी एकोणचाळीस कामे सांगितली आहेत. पेरणे, नांगरणे, कापणे, मळणे, दळणे, कणीक तिंबणे, भाजणे, कातणे, विणणे, दोन टाके घालणे, दोन अक्षरे लिहिणे, विस्तव पेटविणे व विझविणे, अशी ही यादी आहे. प्रथमदर्शनी ही यादी वाचून हसू येण्याचा संभव आहे. दोन अक्षरे लिहिण्यात श्रम ते कोणते? परंतु थोडे थांबून पाहिल्यास तिच्यातील सूत्र ध्यानात येते. वर्ज्य आहे ते श्रम नव्हे. वर्ज्य आहे ते सृष्टीवर आपला ठसा उमटविणे. सहा दिवस मनुष्याने वस्तूंचे रूप पालटावे; सातव्या दिवशी जग आहे तसे राहू द्यावे, आणि ते आपल्यावाचूनही चालते हे पाहून घ्यावे. शेतीच्या सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी व त्या वर्षाअखेर ऋणे सोडावीत, ही आज्ञाही ह्याच विचाराचा विस्तार होय.

आणि हा कडकपणा आंधळा नव्हता. अँटायोकसच्या छळाच्या वेळी काही धर्मनिष्ठ यहुदी शब्बाथच्या दिवशी शस्त्र उचलावयाचे नाहीत म्हणून शत्रूच्या हातून प्रतिकारावाचून मारले गेले. ही वार्ता ऐकून मत्तथ्या व त्याच्या सोबत्यांनी ठरविले की, प्राणावर बेतले असता ह्या दिवशीही लढावे. त्यापुढील शास्त्रकारांनी तर नियमच केला की, जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, इतकेच नव्हे, मोडलाच पाहिजे. जो नियम माणसासाठी आहे तो माणसावर चालवू नये, ही जाणीव ह्या धर्मात प्राचीन काळीच रुजली होती.

ह्या शिकवणीचा ग्रंथोक्त भाग कोंकणात परत कसा आला, तो इतिहास मोठा मनोरंजक आहे. परंपरेप्रमाणे दाविद रहाबी नावाचा एक यहुदी पुरुष येथे आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने तेथील स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेविली, आणि त्यांनी पंख-खवल्यांची तेवढी निवडून घेतली तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर ह्या घराण्यांतील तिघांस धर्मकृत्ये शिकवून काजी नेमिले. ह्या रहाबीचा काळ कोणी अकराव्या शतकापर्यंत मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. कथेचा मतलब मात्र स्पष्ट आहे : धर्माची परीक्षा पंडिताने पोथीवर घेतली नाही, स्वयंपाकघरात घेतली, आणि त्या परीक्षेत स्त्रिया उतरल्या.

अठराव्या शतकात पुष्कळ बेने इस्राएल तरुण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. त्यांपैकी सॅम्युएल एझकील दिवेकर, ज्यांस मराठी लोक सामाजी हसाजी म्हणत, हे दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता असे सांगतात. तो त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार हे सभास्थान बांधून फेडला. मुंबईतील यहुद्यांचे हे पहिले प्रार्थनामंदिर. पुढे अलिबाग येथे १८४८ साली, पनवेल येथे १८४९ साली, पेण येथे १८६३ साली आणि ठाणे येथे १८७९ साली अशी मंदिरे उभी राहिली. लोकांनी त्यांस मशीद असेच साधे नाव दिले.

ग्रंथांचे पुनरागमन दुसऱ्याच दाराने झाले. स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा उद्देश ह्या लोकांस ख्रिस्ती करावे असा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, बायबलाचे मराठी भाषांतर घेतले, आणि उद्देश तेवढा विल्सनसाहेबांपाशी ठेवून दिला. धर्मांतर अगदीच थोड्यांनी केले. उलट त्याच शिक्षणाच्या बळावर वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली; १८७४ साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रात तर लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत. जोसेफ एझकील राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणिली. केहीमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढिली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओव्या-साक्यांत बसवून हरिदासी पद्धतीची कीर्तनेही होऊ लागली. जुन्या सणांची मराठमोळी नावे, म्हणजे नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा, ही हळूहळू मागे पडून रोश हशाना, योम किप्पुर, पेसाह ही हिब्रू नावे पुढे आली.

येथवरचा इतिहास वाचून कोणासही वाटेल की, ग्रंथ आल्यावर शब्बाथ अधिक दृढ झाला असेल. वस्तुस्थिती उलट आहे, आणि ह्या साऱ्या इतिहासातील मर्माची गोष्ट हीच. घाणा स्वतःचा होता तोवर तो शनिवारी बंद ठेवणे तेल्याच्या हाती होते. नुकसान होई ते त्याचे त्यालाच. परंतु १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली ती कल्याणास पोचली, १८५६ साली कल्याणपलीकडे अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली, आणि ह्या लोखंडी रस्त्याबरोबर नोकरीचे नवे युग आले. बेने इस्राएल लोक गाव सोडून मुंबई, ठाणे, कल्याण, पुणे येथे आले. रेल्वेत, टपालात, पलटणीत, सरकारी कचेऱ्यांत, इस्पितळांत शिरले. ह्या सर्व ठिकाणी सुट्टी रविवारची, आणि शनिवार हा कामाचा वार. हिब्रूचा एक शब्द न कळणाऱ्या आजोबाचा शब्बाथ शाबूत होता. हिब्रू प्रार्थना अर्थासह म्हणणाऱ्या नातवास शनिवारी सकाळी गाडी पकडून कचेरी गाठणे भाग पडले. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागत, काळ्या मनुका भिजवून काढलेल्या रसावर आशीर्वाद म्हटला जाई. पण दुसऱ्या दिवशीचा घाणा धन्याचा होता, आणि तो थांबत नव्हता.

ह्यावरून एक सिद्धांत निघतो. विसावा ही एकट्या माणसाने पाळण्याची गोष्ट नाही. श्रद्धा एकट्याने बाळगता येते, उपवास एकट्याने करिता येतो. पण विसाव्यास भोवतालच्या समाजाची संमती लागते. हेच सत्य त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतील मराठी कामगार दुसऱ्या बाजूने अनुभवीत होते. त्यांस तर कोणताच वार मोकळा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा स्थापून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्याने तिला आधार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणूनही तो मागण्यात आला असे सांगतात. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे. त्यांचा मोशेशी संबंध नाही. तथापि गुलामगिरीची आठवण ठेवून श्रमिकास सातवा दिवस द्या, ही अनुवादातील शिकवण आणि लोखंड्यांची मागणी ह्यांचे गोत्र एकच आहे. आज आपण ज्या रविवारी दुपारी निश्चिंतपणे झोप घेतो, तो इंग्रजांनी दिलेला नाही व पंचांगातूनही आलेला नाही. तो मागून, भांडून मिळविलेला आहे, हे आपण विसरून गेलो आहो.

बेने इस्राएल समाजाच्या पुढील कथेस विषादाची छटा आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा हिंदुस्थानात ह्यांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुसंख्य पुढील काही दशकांत तिकडे गेले. तेथे १९६२ पासून त्यांच्या विवाहांविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या. पोथी नसताना ज्यांनी शतकानुशतके शब्बाथ राखला, त्यांसच पोथीवाल्यांपुढे आपले यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी आली. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरिले, आणि १९६४ साली तेथील लोकसभेने ते सर्व दृष्टींनी पूर्ण यहुदी आहेत असा निर्वाळा दिला. परंतु निष्पक्षपाताने हेही सांगितले पाहिजे की, अशा भेदाची चव ह्या समाजाने स्वतःही इतरांस चाखविली होती. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद त्यांच्यात पूर्वी होता, व गोरे म्हणविणारे काळ्यांशी रोटीबेटीव्यवहार करीत नसत. दास-दासींसही विसाव्यात समान लेखणाऱ्या आज्ञेचे हे वारस. पण जातीच्या देशात राहून जातीचा संसर्ग त्यांसही चुकला नाही. भारतात आज हा समाज पाच हजारांच्या आत आला असून २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. किनाऱ्यावरील जुन्या मंदिरांतून प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमणेही कित्येकदा कठीण पडते. आणि काळाचा विनोद पाहा : २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला व शनिवार मोकळा झाला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या शनिवारसाठी मनातल्या मनात तळमळ केली, ते बहुतेक निघून गेल्यावर तो आला.

ह्या इतिहासाचा आपल्या आजच्या आयुष्याशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याने कल्याणापलीकडील त्याच रुळांवरील तीन गावांकडे पाहावे. अंबरनाथ येथे शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. ते घडविणाऱ्या पाथरवटांच्या हातांस सणावारांचा तरी खंड असेल. विसाव्या शतकात त्या गावाभोवती आगपेट्यांचा, दारूगोळ्याचा व पुढे शेकडो लहानमोठ्या वस्तूंचा कारखाना झाला. उल्हासनगर हे तर विस्थापितांनी वसविलेले शहर. महायुद्धकालीन कल्याण छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांस सिंधू नदी बरोबर आणता आली नाही, पण चेटीचंडाचा दिवस आणता आला. भूमी सुटते, वार सुटत नाही, ही नवगावच्या किनाऱ्यावरील गोष्टच ह्या बराकींतून पुन्हा घडली. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठिकाण, अशी लोकव्युत्पत्ती आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक शहाणपण आहे : लांबच्या पल्ल्यात जनावरास विसावा द्यावा लागतो, हे जुन्या प्रवाशांस कळत होते. आज त्याच बदलापुराहून पहाटेच्या गाडीने निघून रात्री परतणाऱ्या माणसाचा घोडा कोणी बदलीत नाही. उल्हासनगरच्या शिवणकामाच्या खोल्यांतून कपड्यांच्या नगावर मजुरी घेणाऱ्यास सुट्टी म्हणजे बुडालेली मिळकत. आणि ज्यांस सुट्टी आहे, त्यांच्या खिशातील दूरध्वनी कचेरीस घरात घेऊन येतो. घाण्याच्या बैलास निदान जू उतरल्याचे कळत असे. आपले जू दिसतही नाही, म्हणून ते उतरत नाही.

ह्यावर उपाय म्हणून आपण सर्वांनी शनिवार पाळावा, असे कोणी सुचवीत नाही. एका धर्माचा विधी दुसऱ्याने उचलून काही साधत नसते. घेण्यासारखी आहे ती त्यामागील दृष्टी. शब्बाथ हा थकल्यानंतर घेण्याचा आराम नव्हे. तो थकवा असो वा नसो, ठरल्या वेळी येतो. काम संपले म्हणून तो येत नाही, काम कधी संपतच नाही म्हणून तो येतो. मर्यादा आधी आखलेली असल्यावाचून विसावा मिळत नाही, हा त्यातील पहिला धडा. आणि दुसरा, जो सुशिक्षित गृहस्थास अधिक बोचण्यासारखा आहे, तो हा की, आपला विसावा दुसऱ्याच्या श्रमावर उभा असेल तर तो विसावाच नव्हे.

ह्या कसोटीवर आपण आपले घर तपासून पाहावे. रविवारी घरधनी उशिरा उठतो, मुले खेळतात, पाहुणे येतात. त्या दिवशी चुलीपाशी गृहिणीचे काम दुप्पट होते आणि भांडी घासणाऱ्या बाईस इतर वारांपेक्षा अधिक भांडी पडतात. महिन्यात चार दिवस हक्काने तिचे आहेत, असे किती घरांतून ठरविलेले असते? ती न आली म्हणजे आपण त्यास खाडा म्हणतो, व तिच्या वेतनातून तो कापतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आज्ञेत दासी व बैल ह्यांची नावे धन्याच्या नावाबरोबर एकाच वाक्यात आली आहेत. कोंकणातल्या निरक्षर तेल्यास ते वाक्य वाचता येत नव्हते; पण शुक्रवारी दिवस मावळला की तो उठून बैलाच्या मानेवरचे जू उतरवीत असे. आपणांस वाक्य वाचता येते.